बीड प्रांतांतील अस्वल : डोंगर, बाजार आणि दप्तर

सनदा, महजर, निवाडपत्रें, बखरी आणि शकावल्या यांचें इतिहासाच्या कामीं किती महत्त्व आहे, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ज्यांच्या नांवें कधीं सनद निघाली नाहीं, ज्यांस वतन नाहीं आणि ज्यांच्या मरणाची नोंद कोणत्याहि शकावलींत झाली नाहीं, अशांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावा, ह्या प्रश्नाचा विचार आपल्यांत फारसा झालेला नाहीं. तो करण्यासाठीं आम्ही येथें एक लहानसा विषय घेतला आहे. तो म्हणजे बीड प्रांतांतील अस्वल. विषयाचें नांव वाचून कित्येकांस हसूं येईल. तथापि लेख शेवटपर्यंत वाचल्यावर, आपल्या संग्रहांतील कोणते कागद आपण आजवर टाकाऊ मानले, ह्याचा विचार त्यांच्या मनांत यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

शहर वाढलें, रान तुटलें आणि अस्वल निघून गेलें, अशी ह्या प्राण्याची हकीकत सामान्यतः सांगितली जाते. बीडच्या बाबतींत ती अर्धीच खरी आहे, असें आमचें मत आहे. बीड शहरांत अस्वल पिढ्यानुपिढ्या आलें, तें वेसणींत दोरी घालून आणलेलें आलें. शहराशीं त्याचा संबंध रानापेक्षां बाजारानें अधिक जोडला, आणि तो तुटला तोहि रान तुटल्यामुळें नव्हे, तर कायद्यामुळें. हें विधान आधारानें मांडण्याचा प्रयत्न पुढें केला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृतांत अस्वलास ऋक्ष आणि भल्लूक अशीं नांवें आहेत. प्राकृतांत ऋक्षाचें अच्छ झालें. अच्छ आणि भल्ल हे दोन समानार्थी शब्द एकत्र येऊन अच्छभल्ल असा जोडशब्द बनला. आपल्या 'अस्वल' ह्या शब्दाचा संबंध त्या अच्छभल्लाशीं जोडण्यांत येतो. एकाच प्राण्याचीं दोन नांवें एकमेकांस चिकटून तिसरें होतें, तेव्हां निरनिराळ्या बोलींच्या लोकांत त्याचें नांव वारंवार घेतलें जात असलें पाहिजे, असा आमचा तर्क आहे. सप्तर्षींस पूर्वीं ऋक्ष म्हणत, असें शतपथ ब्राह्मणांत सांगितलें आहे. ग्रीक लोकहि त्याच तारकापुंजास अस्वल म्हणत. उत्तर ध्रुवाभोंवतालच्या प्रदेशाचें 'आर्क्टिक' हें युरोपीय नांव अस्वलवाचक ग्रीक शब्दावरूनच पडलें आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्रदर्शनाचा दोष जावा म्हणून घरोघर स्यमंतक मण्याची कथा वाचली जाते, आणि तींत श्रीकृष्णाशीं गुहेंत झुंजणारा जांबवान दर वर्षीं आपल्या देवघरापर्यंत येतो. अर्थात् आकाशांतील ऋक्ष आणि पुराणांतील जांबवान ह्यांवरून बालाघाटांत अस्वल होतें असें सिद्ध होत नाहीं. हा प्राणी आपल्या पूर्वजांच्या ओळखीचा होता, इतकेंच त्यांवरून म्हणतां येईल.

स्थानिक पुरावा पाहूं जातां पहिला आधार ग्रामनामांचा मिळतो. परळी तालुक्यांत अस्वलांबा नांवाचें गांव आहे. त्याच तालुक्यांत बेलांबा आहे, आणि आष्टी तालुक्यांत वाघळूज आहे. अस्वलांबा म्हणजे अस्वलाचा आंबा, असा सरळ अर्थ घेतला तर एखाद्या जुनाट आंब्याखालीं पाडाच्या दिवसांत अस्वल येत असावें, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. पिकलीं फळें, मध आणि वाळवी हें अस्वलाचें आवडतें खाणें असल्यामुळें तें जुळतेंहि. परंतु ग्रामनामांच्या बाबतींत उतावीळपणा करूं नये, असा संशोधकांचा अनुभव आहे. गांवाच्या नांवांत प्राण्याचें नांव तीन वाटांनीं शिरूं शकतें. तो प्राणी तेथें राहत असेल. तो तेथें एकदांच दिसून किंवा मारला जाऊन लोकांच्या लक्षांत राहिला असेल. किंवा तें कोणा माणसाचें वा कुळाचें टोपणनांव असेल. शिवाय नित्याच्या गोष्टीवरून सहसा नांव पडत नाहीं. जें विशेष असेल त्यावरून पडतें. ज्या रानांत प्रत्येक आंब्याखालीं अस्वल येतें, तेथें एकाच आंब्यास अस्वलाचा आंबा कोण म्हणेल? म्हणून ह्या नांवावरून एवढेंच अनुमान आम्ही काढतों कीं, परळीच्या बाजूच्या डोंगरांत अस्वल माहीत होतें, पण तें पावलोपावलीं भेटणारें नव्हतें.

बालाघाटाची रचना पाहिली तर हें अनुमान संभाव्य वाटतें. नगरच्या बाजूनें येऊन बीड जिल्ह्यांतून आग्नेयीकडे जाणारी ही डोंगररांग फार उंच नाहीं. मांजरसुंबा आणि धारूर येथील घाट चढून गेलें म्हणजे माथ्यावर पठार लागतें. कपारी, ओढे, बोरी, जांभळी, उंबर, बहावा आणि वारुळें, असें अस्वलास लागणारें सर्व तेथें थोडथोडें आहे. विपुल मात्र कांहींच नाहीं. आज ह्या जिल्ह्यांतील वनक्षेत्र एकंदर भूमीच्या मानानें अगदींच अल्प आहे. पाटोदा तालुक्यांतील नायगांव येथें १९९४ सालीं अभयारण्य झालें, तेंहि मोरांसाठीं. त्याचें क्षेत्र सुमारें ३० चौरस किलोमीटर आहे. मराठवाड्यांत आज अस्वल शोधावयाचें तर किनवटकडील पैनगंगेच्या रानांत किंवा उत्तरेस गौताळ्याच्या डोंगरांत जावें लागतें.

आतां शहराकडे वळूं. बिंदुसरेच्या कांठचें बीड हें जुनें ठाणें आहे. कंकालेश्वराचें देऊळ त्याच्या यादवपूर्व किंवा यादवकालीन वैभवाची साक्ष देतें. शहराच्या दक्षिणेस निजामशाहींतील सलाबतखानाच्या वेळची, इ. स. १५८२ च्या सुमाराची, खजाना विहीर आहे. तिचें पाणी भुयारी पाटांनीं बलगुजार नांवाच्या बागाइती जमिनीस जात असे. ह्या विहिरीचें स्थापत्य पुष्कळांनीं वर्णिलें आहे. आमच्या विषयास उपयोगी पडणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या शहराच्या शिवारांत सोळाव्या शतकांत इतका खर्च करून बागाइतास पाणी नेलें, त्याच्या वेशीबाहेर घनदाट रान नव्हतें, मळे होते. म्हणजे २०११ च्या खानेसुमारींत दीड लक्षाच्या घरांत पोंचलेलें आजचें बीड अस्वलाच्या गुहांवर पसरलें, असें म्हणण्यास आधार नाहीं. तें पसरलें तें ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतांवर.

असें असतांहि पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याहि बीडकरास, अंबेजोगाईकरास वा परळीकरास विचारा. लहानपणीं आपल्या गल्लींत अस्वल पाहिलें होतें, असें तो सांगेल. ज्यानें डोंगरांत कधीं पाऊल टाकलें नाहीं त्यानेंहि अस्वलाच्या पाठीवर बसल्याची आठवण जपलेली असते. हें अस्वल दरवेश्याचें.

'दरवेशी' ह्या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. फारसींत दरवेश म्हणजे फकीर, ईश्वरनिष्ठ भिक्षेकरी. खुलताबादेच्या सूफी परंपरेमुळें हा शब्द मराठवाड्यास अपरिचित राहणें शक्यच नव्हतें. परंतु मराठींत दरवेशी म्हटलें म्हणजे अस्वल किंवा वाघ घेऊन गांवोगांव हिंडणारा मुसलमान खेळकरी, हाच अर्थ रूढ झाला. उत्तर हिंदुस्थानांत ह्याच धंद्याच्या लोकांस कलंदर म्हणतात, आणि तो शब्दहि मुळांत फकिरांच्या एका पंथाचा आहे. भिक्षा आणि खेळ ह्यांची सरमिसळ ह्या धंद्यांत प्रथमपासून होती, असें ह्या दोन शब्दांवरून आम्हांस वाटतें. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादींत दरवेशी, वाघवाले-शाह आणि अस्वलवाले हीं नांवें एकत्र नोंदलेलीं आहेत. गोदेपलीकडील पैठणास एकनाथ महाराजांनीं आपल्या भारुडांत जोशी, वासुदेव, गारुडी अशा फिरत्या लोकांस बोलतें केलें. ह्या लोकांचें सामाजिक महत्त्व आपल्या संतांनीं ओळखलें होतें. दप्तरदारांनीं ओळखलें नाहीं.

दरवेश्याचा क्रम असा असे. सुगी होऊन कणगींत धान्य पडलें म्हणजे तो गांवांत येई. हातांत डमरू आणि काठी, मागें अस्वल. डमरूच्या तालावर अस्वल मागच्या पायांवर उभें राही, सलाम करी, धन्याशीं कुस्ती खेळे. मग आया आपलीं मुलें पुढें आणीत. मुलाचें भय जावें म्हणून त्यास अस्वलाच्या पाठीवर बसवीत, आणि दृष्ट लागूं नये म्हणून अस्वलाचा केस ताइतांत घालून गळ्यांत बांधीत. त्याबद्दल पसाभर ज्वारी, पीठ, जुनें वस्त्र किंवा एखादें नाणें मिळे. सांधेदुखीवर म्हणून अस्वलाच्या चरबीसहि मागणी असे. रानांत ज्याच्या भयानें गुराखी वाट सोडीत, तेंच जनावर गांवांत भय घालविणारें ठरे. लोकसमजुतीचा हा भाग अभ्यासकांनीं अवश्य टिपून ठेवण्यासारखा आहे.

परंतु ह्या खेळाची दुसरी बाजू झांकून ठेवणें सत्याशीं प्रतारणा होईल. अस्वल खेळासाठीं मिळे तें पिलूं असतांनाच, आणि पिलूं मिळविण्यासाठीं बहुधा मादी मारावी लागे. मग तापलेल्या सळईनें त्याच्या नाकाडास भोंक पाडून त्यांत वेसण ओवीत. सुळे पाडीत किंवा घाशीत, नखें छाटीत. डमरू वाजला कीं दोरीस हिसका बसे, आणि त्या वेदनेनें तें पाय उचली. पाहणारे त्यास नाच म्हणत. अस्वलाच्या दांतांवरून युरोपांतील पंडितांची एकदां कशी फसगत झाली, ती हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. १७९१ सालीं जॉर्ज शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें आपल्या ह्या अस्वलाचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याचीं लांब नखें आणि वरच्या जबड्यांतील न आढळणारे पुढचे दांत पाहून त्यानें त्यास दक्षिण अमेरिकेंतील स्लॉथ नांवाच्या झाडावर लोंबणाऱ्या प्राण्याच्या जातींत घातलें. पुढें दोनच वर्षांनीं मायर ह्यानें तें अस्वल असल्याचें ओळखून नवें शास्त्रीय नांव दिलें. इंग्रजींतील नांवांत मात्र ती चूक आजतागायत राहून गेली आहे. वरचे मधले दोन दांत ह्या अस्वलास निसर्गतःच नसतात. त्या फटींतून तें वाळवी ओढून घेतें. निसर्गानें जे दांत दिले ते माणसानें पाडले.

दांतांचा विषय निघाला आहे तेव्हां बीडच्या एका प्रसिद्ध स्मारकाचें स्मरण होणें साहजिक आहे. चौदाव्या शतकांत महंमद तुघलकाचा एक दांत ह्या मुलखांत पडला, आणि तो पुरून त्यावर त्यानें इमारत उठविली. करझणीजवळच्या टेकडीवर ती दाखविली जाते. सुलतानाच्या एका दांताची नोंद तवारिखकारांनीं केली, आणि त्यावर दगडी घुमट चढला. बीडच्या बाजारांत नाचलेल्या एकाहि अस्वलाचें किंवा दरवेश्याचें नांव कोणत्याहि तवारिखेंत नाहीं. हा तवारिखकारांचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं आपल्या धन्याची चाकरी केली. परंतु त्यांनीं जें वगळलें तें शोधणें हें आजच्या संशोधकाचें काम आहे.

खेळाचा शेवट कसा झाला हें थोडक्यांत सांगतों. शके १८९४ (इ. स. १९७२) मध्यें वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि रानांतून अस्वल धरणें गुन्हा ठरलें, पुढें ह्या प्राण्यास कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें. १९९८ सालीं केंद्र सरकारनें अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह ह्यांस खेळ शिकविण्यास व त्यांचें प्रदर्शन करण्यास अधिसूचना काढून मनाई केली. ह्या मनाईविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ सालीं न्यायालयानें ती कायम केली. त्यानंतर आग्रा व बंगळूरजवळील बन्नेरघट्ट अशा ठिकाणीं अस्वलांसाठीं निवास चालविणाऱ्या वन्यजीवरक्षक संस्थेनें कलंदरांकडून सहाशेंवर अस्वलें ताब्यांत घेतलीं, आणि २००९ च्या अखेरीस देशांतील शेवटचें नाचरें अस्वल म्हणून एक अस्वल बन्नेरघट्टास दाखल झालें. धन्यांस दुसरा धंदा करतां यावा म्हणून कांहीं मदतहि देण्यांत आली.

अस्वलाची ह्या दुःखांतून सुटका झाली, हें न्यायाचेंच झालें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें एक हानि झाली आहे, आणि ती कायद्यानें झालेली नसून आपल्या अनास्थेनें झाली आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं धंदा सोडलेला दरवेशी आतां मोलमजुरी करतो, फेरी करतो किंवा भंगार गोळा करतो. त्याचे खेळाचे शब्द, अस्वलास द्यावयाच्या हांका, फिरण्याच्या वाटा, कोणत्या जत्रेस केव्हां पोंचावयाचें ह्याचें गणित, अस्वल कोठून विकत येई आणि काय किमतीस येई, हें सारें त्याच्या तोंडींच होतें. ज्यानें स्वतः डमरू वाजविला अशी पिढी आतां वृद्ध झाली आहे. ती गेली म्हणजे हें साधन कायमचें नष्ट होईल. शिवाय अस्वलावरील क्रूरपणाबद्दल दरवेश्यास दोष देतांना, पसाभर ज्वारी देऊन तो खेळ पिढ्यानुपिढ्या चालूं ठेवणारे आम्ही शहरवासी होतों, हेंहि लिहून ठेवलें पाहिजे. नाहींतर पुढील काळचा इतिहासकार सर्व दोष एका दरिद्री जमातीच्या पदरीं घालील.

अस्वल आपल्या पायांनीं शहरांत येतें, असाहि एक प्रकार महाराष्ट्रांत आहे. त्याच्याशीं तुलना केली म्हणजे बीडचें वैशिष्ट्य स्पष्ट होईल. चंद्रपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी. तिच्या भोंवतीं कोळशाच्या खाणी आणि मोठें औष्णिक वीजकेंद्र झालें. पडीक जागेंत झुडपें माजलीं, आणि ताडोब्याकडील रानांतून वाघ, बिबळे व अस्वलें ह्या आवारापर्यंत वावरूं लागलीं. बुलढाणें शहराजवळ ज्ञानगंगा अभयारण्य आहे. त्या जिल्ह्यांत शेतकरी आणि अस्वल ह्यांची गांठ पडून माणसें जखमी होण्याचे प्रसंग वारंवार येतात. तेथें शहर आणि रान ह्यांची शीव एकमेकांस लागलेली आहे. बीडची तशी स्थिति नाहीं. तरीसुद्धां रान बीडला पुरतें विसरलें आहे असें मानूं नये. २०२० सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरांत आष्टी तालुक्यांत बिबळ्यानें माणसें मारलीं. पुढें सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांत त्यास गोळी घालण्यांत आली. २०२१ सालच्या डिसेंबरांत माजलगांव तालुक्यांतील लवूळ येथें वानरें कुत्र्यांचीं पिलें उचलून नेतात ही वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली. वनखात्यानें दोन वानरें पकडलीं. पण तोंपर्यंत मेलेल्या कुत्र्यांचा आकडा वार्तेगणिक बदलत शेंकड्यांवर गेला होता. आपल्या डोळ्यांसमोर महिन्याभरांत एक आकडा असा फुगतो, तर जुन्या बखरींतील सैन्याच्या आणि शिकारीच्या आकड्यांकडे किती सावधपणें पाहिलें पाहिजे, ह्याचा धडा ह्या प्रकरणानें संशोधकांस घालून दिला आहे.

शेवटीं, हस्तलिखितें व जुने कागद जमविणाऱ्या आमच्या स्नेह्यांस एक विनंति करावयाची आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें त्याचे सरकारी कागद फारसी व उर्दू भाषांत आहेत, आणि त्यांतील मोठा भाग हैदराबादच्या सरकारी दप्तरखान्याकडे पाहूनच शोधावा लागतो. परंतु जिल्ह्यांत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ह्यांच्या घरीं मोडी कागदांचे रुमाल अजून आहेत. त्यांतील सनद आणि महजर आपण उचलतों, आणि गांवखर्चाचे फुटकळ बंद तसेच टाकून देतों. फकीर, गोसावी, खेळकरी ह्यांस गांवानें काय दिलें ह्याच्या नोंदी होतात त्या ह्याच गांवखर्चांत. एखाद्या जत्रेच्या हिशेबांत 'अस्वलवाला' अशी एक ओळ व तिच्यापुढें दोन आणे एवढें जरी सांपडलें, तरी तिथीसह तो आमच्या विषयाचा पहिला लेखी पुरावा ठरेल. जुन्या पेटाऱ्यांतील ताईत वितळविण्यापूर्वीं त्यांत काय आहे तें पाहावें. जत्रांचीं जुनीं छायाचित्रें जपावींत. आणि ज्यांस शक्य असेल त्यांनीं दरवेशी वृद्धांजवळ बसून त्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावी, मग ती मोडकी मराठी असो वा दखनी असो.

अंबेजोगाईस दासोपंतांची सुमारें चाळीस फूट लांबीची पासोडी त्यांच्या परंपरेंतील लोकांनीं चार शतकें सांभाळली. ज्या जिल्ह्यास एवढें वस्त्र सांभाळतां आलें, त्यास गांवखर्चाचा वीतभर कागद सांभाळणें अवघड नाहीं. अशी नोंद कोणाच्या संग्रहांत आढळल्यास तिची अस्सलाबरहुकूम नक्कल, कागदाच्या वर्णनासह, ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी. आमचीं वरील अनुमानें तिनें खोटीं ठरलीं, तरी आम्हांस आनंदच होईल.